दुकानाला बंदी, मजुरीला नाही : ‘बर्निंग मॅन’ उत्सवाची चार दशके

माझा पोटापाण्याचा धंदा मांडवाचा. बांबू, ताडपत्री, कनाती, सतरंज्या यांतच अठ्ठावीस वर्षे गेली. लग्न, मुंज, सप्ताह, व्याख्यानमाला, गणेशोत्सव, असे जे जे चार दिवसांसाठी उभे राहते आणि पाचव्या दिवशी नाहीसे होते, ते उभे करणे आणि नाहीसे करणे हे आमचे काम. काही वर्षांपूर्वी अशाच एका लग्नाच्या मांडवात, सॅन फ्रान्सिस्कोजवळ नोकरी करणाऱ्या आमच्याच गावच्या एका तरुणाने मला फोनवर एक छायाचित्र दाखवले. पांढरट, सपाट, झाडझुडूप नसलेली जमीन. तिच्यावर आडव्या रांगेत वीस-पंचवीस माणसे, सगळी खाली मान घालून चाललेली. कुणाच्या हातात बादली, कुणाच्या हातात काठी. “जत्रा संपली की आम्ही जमीन वेचतो,” तो म्हणाला. “एकेक टिकली, एकेक खिळा.” मी विचारले, “मजुरी किती मिळते?” तो हसला. “काका, त्यासाठी आम्ही तिकीट काढून जातो.”

एवढ्या वर्षांत वाकून खिळा उचलणारा पाहुणा मी पाहिला नव्हता. त्या दिवसापासून अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यातल्या वाळवंटात भरणाऱ्या ‘बर्निंग मॅन’ या उत्सवाविषयी मी वाचत आलो आहे. माझे इंग्रजी शब्दकोशाच्या आधाराने चालणारे. त्यामुळे वाचन सावकाश झाले, पण सलग झाले. आयोजक संस्थेची स्वतःची कागदपत्रे, दोन-तीन अभ्यासकांचे लेखन, वेळोवेळची वृत्तपत्रे, अशी या लेखामागची सामग्री आहे.

या उत्सवाविषयी एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. बंडखोरांची जत्रा होती, श्रीमंत आले, तिकीट महागले आणि जत्रा बाटली. ही गोष्ट खोटी नाही, पण ढोबळ आहे. पैसा आला, एवढ्यावर थांबून चालत नाही; तो कोणत्या दाराने आला, ते पाहावे लागते. खरेदी-विक्रीच्या दाराला या उत्सवाने कडी घातली होती आणि ती कडी आजही बऱ्याच अंशी टिकून आहे. उघडे राहिले ते श्रमाचे दार. प्रस्तुत लेखात एवढाच मुद्दा मांडायचा आहे.

१. दोराला लागलेले हात

१९८६ च्या जूनमध्ये, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमारास, लॅरी हार्वे आणि जेरी जेम्स या दोन मित्रांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर भंगार लाकडाचा सुमारे आठ फुटी पुतळा नेऊन जाळला. हार्वे बागकामाची कामे घेत असे, जेम्स सुतारकाम करी. का जाळला, याचे एक उत्तर हार्वेने कधी दिले नाही. आग दिसली तशी किनाऱ्यावरची मोजकी माणसे जवळ आली. पुढच्या वर्षी पुन्हा पुतळा झाला, माणसे वाढली, पुतळाही वाढला. १९९० साली तो चाळीस फुटांचा झाला होता. त्या वर्षी पोलिसांनी आग लावू दिली नाही. तेव्हा शहरातल्या ‘कॅकॉफनी सोसायटी’ या खोडकर मंडळींच्या गटाने तो पुतळा आपल्या ठरलेल्या सहलीत सामील करून घेतला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीच्या सुटीत नेव्हाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात नेला. बरोबर शंभराच्या आसपास माणसे होती.

ही जागा म्हणजे एका प्राचीन सरोवराचा कोरडा तळ. पिठासारखी क्षारयुक्त धूळ, दिवसा भाजणारे ऊन, रात्री थंडी, मध्येच चार हातांवरचे दिसू नये असे धुळीचे लोट. पाणी नाही, सावली नाही. जवळचे गेरलॅक हे गाव म्हणजे मोजकी घरे. जे लागेल ते बरोबर न्यायचे, हा तिथला पहिला धडा. पुढे ज्याचे तत्त्वज्ञान झाले ते स्वावलंबन सुरुवातीला निव्वळ परिस्थिती होती. शेजाऱ्याकडचे पाणी संपले तर त्याला आपले द्यायचे, कारण विकत मिळण्याची सोयच नव्हती.

सुरुवातीच्या वर्षांच्या वर्णनांत मला सर्वांत बोलके वाटले ते पुतळा उभा करण्याचे काम. आडवा पडलेला पुतळा दोर बांधून उभा केला जाई आणि दोराला जमलेल्या साऱ्यांचे हात लागत. पाहणारा आणि करणारा असे दोन गट त्या क्षणी उरत नसत. आपल्याकडे याला शब्द आहे : इर्जिक. एखाद्याच्या शेतातले काम अडले की शेजारी आपापले बैल आणि औत घेऊन येतात, दिवसभर राबतात, यजमान जेवू घालतो. मजुरीचा हिशेब नसतो. उद्या माझ्या शेतात तू येशील, एवढीच नोंद मनात असते. पहिली काही वर्षे ‘बर्निंग मॅन’ ही एक इर्जिक होती. पिकाऐवजी पुतळा होता, इतकेच.

२. १९९६ : स्वातंत्र्याचे बिल

या जुन्या दिवसांविषयी फार हळवे होण्याचे कारण नाही. १९९६ पर्यंत माणसे सुमारे आठ हजारांवर गेली होती. वाळवंटात वाटेल तशी गाडी हाकता येई, बंदुका चालवता येत, तंबू कुठेही ठोकता येई. त्या वर्षी उत्सव सुरू होण्याआधीच मायकेल फ्युरी हा कार्यकर्ता रात्री मोटरसायकलवरून जाताना गाडीवर आदळून मरण पावला. उत्सवाच्या शेवटी एक मोटार अंधारात तंबूंवरून गेली आणि आत झोपलेली माणसे गंभीर जखमी झाली. योगायोग असा की, त्या वर्षीच्या उत्सवाचा विषय नरक हा होता आणि त्यात एक काल्पनिक बडी कंपनी येऊन हा उत्सवच विकत घेऊ पाहते, असे विडंबन रचलेले होते. कंपनी काल्पनिकच राहिली. मृत्यू मात्र खरा होता.

संस्थापकांत इथे फूट पडली. जॉन लॉ याचे म्हणणे असे की, हे आता संपवावे. हार्वेचे म्हणणे असे की, हे नीट उभारावे. लॉ बाहेर पडला. हार्वेच्या बाजूने उत्सव पुढे गेला आणि रॉड गॅरेट या आराखडाकाराने त्याला नगराची आखणी दिली : मधोमध पुतळा, भोवती अर्धवर्तुळाकार रस्ते, त्यांना छेदणारे आडवे रस्ते, आणि पत्ता सांगण्यासाठी घड्याळाचे आकडे. बंदुका गेल्या. सजवलेली परवानाधारक वाहने सोडता गाड्या फिरवणे बंद झाले. जत्रेचे नगर झाले आणि नगराला ‘ब्लॅक रॉक सिटी’ हे नाव मिळाले.

नगर म्हटले की शौचालये आली, दवाखाना आला, अग्निशमन आले, विमा आला. जमीन केंद्र सरकारची, म्हणून परवाना आला आणि परवान्यापोटी उत्पन्नातला वाटा आला. २०१५ मध्ये नेव्हाडाने करमणूक कराची व्याप्ती वाढवली आणि तिकिटावर नऊ टक्के कर बसला. १९९५ साली ३५ डॉलरला मिळणारे तिकीट २०२२ साली ५७५ डॉलरला झाले. महागाई धरली तरी ते पस्तीस डॉलर सत्तरच्या आतच भरतात. म्हणजे वाढ खरी आहे आणि मोठी आहे. पण या वाढीतला बराच भाग मी उत्सवाच्या ऱ्हासाच्या खात्यावर टाकणार नाही. अंधारात तंबूवरून गाडी जाऊ नये, यासाठी मोजलेले ते पैसे आहेत. मांडवात विजेच्या तारा उघड्या सोडून दर कमी ठेवणारे कंत्राटदार मी पाहिले आहेत. स्वस्तपणा हा नेहमीच सद्‌गुण नसतो.

३. दहा तत्त्वांचे वाचन

२००४ मध्ये हार्वेने दहा तत्त्वे लिहून काढली. जगभर निघू लागलेल्या प्रादेशिक उत्सवांना मार्गदर्शन व्हावे, हा हेतू होता. मराठीत ती साधारण अशी सांगता येतील : सर्वांना सामावून घेणे, भेट देणे, बाजारीकरणाला नकार, स्वावलंबन, आत्माविष्कार, सामूहिक प्रयत्न, नागरी जबाबदारी, मागे खूण न ठेवणे, सहभाग आणि प्रत्यक्ष क्षणाचा अनुभव. नगरात संस्थेकडून बर्फ आणि बरीच वर्षे कॉफी विकली गेली. याखेरीज विक्री नाही, जाहिरात नाही, प्रायोजकाचा फलक नाही.

ही तत्त्वे उत्सवाचे घोषणापत्र म्हणून नेहमी उद्‌धृत होतात. मी ती कंत्राटाचा कागद वाचावा तशी वाचली. बाजारीकरणाच्या कलमात व्यापारी प्रायोजकत्व, व्यवहार आणि जाहिरात या तीन गोष्टींची नावे येतात. शेवटी असेही म्हटले आहे की, सहभागाच्या अनुभवाची जागा उपभोगाने घेऊ नये. हा शेवटचा भाग चांगला आहे, पण ती इच्छा आहे, नियम नाही. फलक लावला तर दिसतो, दुकान मांडले तर दिसते, आणि दोन्ही उचलायला लावता येतात. पण सॅन फ्रान्सिस्कोत बसून कुणी कुणाला पगार दिला आणि तो पगार घेणारा माणूस वाळवंटात येऊन दुसऱ्याचा तंबू ठोकू लागला, तर व्यवहार नगराबाहेर झालेला असतो. नगरात दिसतो तो फक्त तंबू ठोकणारा माणूस. त्याच्याकडे पाहून तो मित्र आहे की नोकर, हे कळत नाही.

दहा तत्त्वांत मजुरीचा उल्लेख कुठेही नाही. हार्वेने तो जाणूनबुजून टाळला, असे मला वाटत नाही. इर्जिकीत वाढलेल्या माणसाला मजुरीविषयी नियम करावा लागेल हे सुचत नाही. जे सगळेच करतात, त्याची नोंद कुणी करत नाही. पण संस्थेच्या आतही हा प्रश्न होताच. नगराची आखणी करणारे, कुंपण घालणारे, शेवटी सगळे उकलणारे लोक कित्येक आठवडे आधीपासून तिथे राबतात. त्यांत काही पगारी असतात, पुष्कळसे स्वयंसेवक. कॅथरिन चेन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००९ मध्ये या संस्थेच्या कारभारावर ग्रंथ लिहिला. अराजकाची ओढ असलेली माणसे समित्या, बैठका आणि जबाबदाऱ्या यांच्या आधारानेच ते अराजक कसे उभे करतात, याची ती बारकाईची हकीकत आहे. स्वेच्छेने राबणारा माणूस किती नाजूक धाग्याने बांधलेला असतो, हे तिच्यातून कळते.

स्वावलंबन आणि सामूहिक प्रयत्न या दोन तत्त्वांमधली फटही इथेच आहे. ज्याच्यापाशी पैसा आहे, तो म्हणू शकतो की, मी कुणावर विसंबलो नाही, माझी सोय मी केली. शब्दशः ते खरे ठरते. पण त्याची सोय दुसऱ्याच्या हातांनी झालेली असते.

४. दरीतले लोक

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला सिलिकॉन व्हॅली आहे, आणि या उत्सवाचा इतिहास तिला वगळून सांगता येत नाही. १९९८ च्या ३० ऑगस्टला गूगलच्या संस्थापकांनी आपल्या बोधचिन्हातल्या अक्षरामागे त्या जळणाऱ्या माणसाची रेघांची आकृती काढली. आम्ही उत्सवाला गेलो आहोत, एवढे सांगण्यासाठी. गूगलच्या मुखपृष्ठावर पुढे जी चित्रे येऊ लागली, त्यांतले हे पहिले. फ्रेड टर्नर या अभ्यासकाने २००९ च्या एका निबंधात या नात्याचा अर्थ लावला आहे. त्याच्या मते, वाळवंटात गट करून, विनामोबदला, स्वतःच्या आविष्कारासाठी काही उभे करण्याची जी रीत होती, तीच या कंपन्यांना आपल्या अभियंत्यांमध्ये हवी होती. काम हे काम वाटू नये, आपलेच सर्जन वाटावे, याचे वळण तिथे मिळत होते.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने नेहमीची गोष्ट उलटी होते. श्रीमंत बाहेरून आले आणि त्यांनी उत्सव बिघडवला, असे म्हणताना आपण धरून चालतो की, ते परके होते. पुष्कळजण परके नव्हते. पंचविशीत खिळे वेचणारी मुलेच चाळिशीत कंपन्यांची मालक झाली. उत्सव त्यांचाच होता. बदलली ती त्यांची फुरसत. आठवडाभर आधी येऊन खांब रोवायला त्यांच्याजवळ वेळ नव्हता, पाठही पूर्वीची राहिली नव्हती. पैसा होता. ज्याच्याजवळ वेळ नसतो आणि पैसा असतो, तो काय करतो, हे मांडववाल्याला कुणी शिकवावे लागत नाही.

यात भर पडली ती टंचाईची. २००० मध्ये सुमारे पंचवीस हजार असलेले नगर २०१० मध्ये पन्नास हजारांवर गेले आणि २०११ मध्ये सगळी तिकिटे प्रथमच संपली. २०१२ साठी संस्थेने सोडत काढली. तिचा परिणाम अनपेक्षित झाला. इथे माणसे एकेकटी राहत नाहीत. ती गटाने राहतात आणि या प्रत्येक तळावर कामांची वाटणी असते : कुणी लोखंड जोडणारा, कुणी वीज पाहणारा, कुणी पन्नास माणसांचा स्वयंपाक रेटणारा. सोडतीने ही वाटणी मोडली. जुन्या तळांतल्या कित्येक जाणत्या माणसांचा नंबर लागला नाही. शेवटी उरलेली हजारो तिकिटे संस्थेने अशा तळांकडे आणि कलाकारांच्या गटांकडे वळवली. पण त्या वर्षाने एक गोष्ट दाखवून दिली. तिकीट हे आसनाचे असते, असे सोडत धरून चालली. इथले तिकीट हातांचे होते.

५. शेर्पा

२०१४ साली जे उघडकीस आले, त्याला ही पार्श्वभूमी आहे. संस्थेच्या संचालक मंडळावर असलेल्या एका धनाढ्य गुंतवणूकदाराच्या तळावर पाहुण्यांकडून माणशी सोळा-सतरा हजार डॉलर घेतल्याचे वृत्तपत्रांत छापून आले. पाहुण्यांसाठी सुसज्ज निवारे, तयार जेवण आणि दिमतीला पगारी माणसे होती. आत कुणी यावे, यासाठी मनगटावर पट्टे होते. तिथे काम केलेल्यांपैकी एकाने नाव न देता आपला अनुभव लिहिला आणि त्यावर वादळ उठले. पुढे त्या गुंतवणूकदाराने मंडळ सोडले.

अशा पगारी माणसांना तिथे ‘शेर्पा’ म्हटले जाई. हा शब्द मला खटकला आणि अजून खटकतो. शेर्पा हे हिमालयातल्या एका समाजाचे नाव. त्यांच्या पाठीवरच्या ओझ्यामुळे ते जगाच्या बोलीत धंद्याचे नाव झाले आणि तिथून ते सपाट वाळवंटात, गिऱ्हाइकाला सरबत आणून देणाऱ्या अमेरिकन मुलापर्यंत पोहोचले. नोकर म्हणायची लाज होती, मजूर म्हणायची बंदी होती, म्हणून साहसाचा वास असलेला शब्द उसना आणला गेला. एखादी वस्तू आहे, पण तिला तिच्या नावाने हाक मारता येत नाही, अशी अवस्था आली की समजावे, नियमात नसलेले काही घरात शिरले आहे.

२०१६ मध्ये अशाच एका ऐषारामी तळाच्या विजेच्या तारा कुणीतरी कापल्या, पिण्याचे पाणी सांडून दिले, गाड्यांची दारे डिंकाने चिकटवली. या प्रकाराचे समर्थन करता येणार नाही. वाळवंटात पाणी सांडणे हा कुठल्याही तत्त्वात बसणारा निषेध नव्हे. त्या तळावर राबणाऱ्यांनाही तेच पाणी लागत होते. २०१९ मध्ये संस्थेच्या प्रमुख मॅरियन गुडेल यांनी आयतेपणाच्या या प्रवृत्तीविरुद्ध जाहीर भूमिका घेतली आणि हजारो डॉलरचे ‘पॅकेज’ विकणाऱ्या एका तळाला नगरात जागा नाकारली. उपाय योग्य होता. तरी त्यात पुन्हा धरले गेले ते विक्रीलाच, कारण तेवढेच नियमात पकडता येत होते.

एक आक्षेप इथे घ्यावा लागेल. नगरात हजाराहून अधिक तळ असतात, त्यांतले असे ऐषारामी तळ किती? थोडेच. बहुसंख्य माणसे आजही वर्गणी काढतात, स्वतः भांडी घासतात, स्वतः खिळे वेचतात. हे खरे आहे आणि ते सांगायलाच हवे. पण बदलाचे माप केवळ संख्येने लागत नाही. आमच्या गावातल्या एका गणेश मंडळाचे उदाहरण देतो. पूर्वी त्यांचा मांडव घालताना मंडळाची पोरे आमच्याबरोबर बांबू धरत. एका वर्षी एका वर्गणीदाराने सांगितले, पोरांना कशाला त्रास, जास्तीचे पैसे घ्या आणि तुम्हीच उरका. पोरे वाईट नव्हती. पुढच्या वर्षीही ती आली, पण बाजूला खुर्च्यांवर बसली. बांबू धरणे हे आता कुणाचे तरी काम होते, आणि ज्याचे ते काम नाही त्याने ते केले तर तो भोळा ठरणार होता. वाळवंटातही हेच होते. शेजारच्या तळावर पगारी माणूस खड्डा खणताना दिसला की आपल्या हातातली पहार जड होते.

६. कलाकृतींचे काय झाले

कलेच्या बाजूने पाहिले तर या पैशाने पुष्कळ दिले, हे नाकारता येत नाही. संस्था काही कलाकृतींना अंशतः अनुदान देते. बाकीचा भार लोकवर्गणी आणि मोठे देणगीदार उचलतात. त्यामुळे एरवी कधीच उभी राहिली नसती, अशी प्रचंड शिल्पे त्या धुळीत उभी राहिली. मार्को कॉक्रन याचे ‘ब्लिस डान्स’ हे नृत्यमग्न स्त्रीचे चाळीस फुटी शिल्प २०१० साली तिथे होते. आज ते लास व्हेगासमध्ये जुगारगृहांच्या आणि हॉटेलांच्या मधल्या एका उद्यानात आहे. २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेच्या रेनविक कलादालनाने या उत्सवातल्या कलेचे प्रदर्शन भरवले. प्रदर्शनाचे नाव होते ‘प्रेक्षक नकोत’. ते अर्थातच प्रेक्षकांसाठी होते.

मी यात दोष काढत नाही. शिल्पाने टिकावे असे शिल्पकाराला वाटणारच, आणि त्यालाही घर चालवायचे असते. पण जाळण्यासाठी केलेली वस्तू आणि ठेवण्यासाठी केलेली वस्तू यांत फरक पडतो. लाकडाची जागा पोलादाने घेतली की गावठी सुतार मागे पडतो आणि कारखाना पुढे येतो. ज्या पुतळ्याला सर्वांनी दोर लावायचा, तो पुढे उंच चौथऱ्यावर क्रेनने चढू लागला. २००७ मध्ये पॉल अ‍ॅडिस नावाच्या जुन्या उत्सवकर्त्याने, उत्सव निर्जीव झाला आहे असे म्हणत, ठरल्या दिवसाच्या आधीच, चंद्रग्रहणाच्या रात्री पुतळा पेटवून दिला. त्याला अटक झाली, शिक्षा झाली. पुतळा त्याच आठवड्यात पुन्हा उभारून नियोजित रात्री जाळला गेला. जाळण्यासाठीच असलेली वस्तू जाळणे हा गुन्हा कधी होतो? तिच्याभोवती वेळापत्रक, विमा आणि हजारोंचा जीव आला की होतो. कायदा बरोबर होता. तरी ती रात्र या उत्सवाच्या इतिहासात कुसळासारखी सलत राहते.

याला अपवाद म्हणजे तिथले मंदिर. २००० साली डेव्हिड बेस्ट या शिल्पकाराने नुकत्याच अपघातात गेलेल्या तरुण मित्राच्या स्मरणार्थ एक लाकडी वास्तू बांधली. लोक आपापल्या मृतांची नावे तिच्यावर लिहू लागले. तेव्हापासून दरवर्षी असे मंदिर होते. लोक चिठ्ठ्या, कपडे, छायाचित्रे आणून ठेवतात आणि शेवटच्या रात्री हजारो माणसे गप्प बसून ते जळताना पाहतात. इथे शेर्पाचा उपयोग नाही. आपल्या आईचे नाव दुसऱ्याला पगार देऊन लिहून घेता येत नाही, आणि घेतले तर त्याला अर्थ राहत नाही.

७. चिखल

२०२३ च्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या कोरड्या तळ्यावर पाऊस पडला. क्षारयुक्त धुळीचा सिमेंटसारखा चिखल झाला, चाके रुतली, रस्ते बंद झाले. सुमारे सत्तर हजार माणसे अडकली. अन्नपाणी जपून वापरा, असे सांगितले गेले. शौचालये उपसणाऱ्या गाड्याही अडल्या. उत्सवासाठी तिथे तात्पुरती धावपट्टी असते आणि खासगी विमाने उतरतात. आठवडाभर आधीच पर्यावरणवाद्यांनी त्याविरुद्ध वाटेवर निदर्शने केली होती. चिखलाने धावपट्टीही बंद केली. काही प्रसिद्ध माणसे मैलोगणती चालत बाहेर पडल्याची दृश्ये जगभर पसरली, आणि लोकांनी त्यावर पोटभर हसून घेतले.

हसण्याच्या नादात दुसरी बाजू दिसली नाही. बहुतेक माणसे थांबली. पायाला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून शेजाऱ्याकडे डाळ-तांदूळ पोचवत राहिली. शेवटी वाहने हलू लागली आणि पुतळा ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा जळाला. १९९० मध्ये जी परिस्थिती होती आणि नंतर जिचे तत्त्व झाले होते, ती दोन-तीन दिवसांपुरती पुन्हा परिस्थिती झाली. कोण कामाचे आणि कोण पाहुणे, हे त्या चिखलाने बिनचूक निवडले.

पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, २०११ नंतर प्रथमच तिकिटे शिल्लक राहिली आणि संस्थेला देणग्यांसाठी जाहीर आवाहन करावे लागले. दरडोई खर्च तिकिटाच्या किमतीपेक्षा अधिक येतो, असे संस्था सांगते. महाग तिकिटांवर स्वस्त तिकिटे तोलण्याची व्यवस्थाही तिने केली आहे. म्हणजे ज्यांच्या आयतेपणाविरुद्ध लढायचे, त्यांच्याच पैशावर नगर चालवायचे, असा हा पेच आहे. त्यातून सुटण्याची सोपी वाट मला दिसत नाही.

एक गोष्ट मात्र करता येण्याजोगी आहे, आणि ती मी माझ्या धंद्याच्या अनुभवावरून सांगतो. मजुरी घेणे कमीपणाचे नाही; माझे घर तिच्यावर उभे आहे. माझ्या मांडवातल्या गड्याला त्याचा दर माहीत असतो, दुपारची भाकरी ठरलेली असते आणि काम संपल्यावर नळाखाली हातपाय धुऊन तो आपल्या घरी जातो. पाहुण्याचे सोंग त्याला करावे लागत नाही. वाळवंटातल्या त्या पगारी मुलाला ते करावे लागते, कारण जिथे पैसाच नाही असे नगर म्हणते, तिथे त्याच्या पगाराला बोलायला जागा नसते. तो यजमान नाही, पाहुणा नाही आणि मजूरही नाही. दुखापत झाली, पैसे बुडाले, तर दाद मागायची ती कुठल्या तत्त्वाखाली? भेटीच्या नावाखाली लपवलेली मजुरी ही उघड मजुरीपेक्षा वाईट. संस्थेने तळांकडून जसा कचऱ्याचा हिशेब घेतला, तसा हातांचाही घ्यावा : तुमच्याकडे पगारी किती, त्यांचे तास किती, त्यांना जळणारा पुतळा पाहायला सुटी असते का? सरकारी तपासणीत एकरामागे एक चौरस फुटाहून जास्त कचरा राहू नये, असा निकष आहे आणि तो पाळण्यासाठी माणसे रांगेने जमीन वेचतात. एवढे मोजता येते, तर तेही मोजता येईल.

हा लेख लिहून होत आला तेव्हा, सप्टेंबरात, त्या तरुणाशी फोनवर बोललो. तो अजून जातो. आता तळाच्या स्वयंपाकाची जबाबदारी त्याच्याकडे आहे. विचारले, “यंदा जमीन वेचायला किती होते?” म्हणाला, “आमच्या तळावरचे सगळे.” “आणि शेजारी?” “चौघे होते, काका. फार मन लावून करत होते. आम्ही त्यांना चहाला बोलावले. मग कळले, ते पगारी आहेत.” “आले का चहाला?” “दोघे आले,” तो म्हणाला. “बाकीच्यांना वेळ नव्हता.”